रिकामटेकड्याचं मत

‘खून माळ्याने केलाय. शेंबडं पोरही सांगेल.’

मालिकेचा पहिला भाग दाखवून दोन तास झाले नव्हते, तोच ‘रिकामटेकडा’ असं नाव घेतलेल्या कुणा प्रेक्षकाने वाहिनीच्या पानावर हे मत ठोकून दिलं होतं. खाली तारा एकच. पाचपैकी एक.

दिग्दर्शकाला चहाचा ठसका लागला, कारण खून माळ्यानेच केला होता.

हा दिग्दर्शक म्हणजे एरवी लग्नाचे व्हिडिओ काढणारा माणूस. मालिकेचा लेखक तोच, दिवे धरणाराही तोच. एकूण भाग सहा. चित्रीकरण सासूबाईंच्या घरात, कारण त्यांच्या दिवाणखान्याला दोन दारं होती आणि रहस्यमालिकेला एका दारात भागत नाही. शनिवार-रविवारी एक भाग काढायचा आणि गुरुवारी दाखवायचा, असा सगळा हातघाईचा कारभार. वाहिनीच्या साहेबांनी बजावलं होतं, शेवटच्या भागाला चार तारे मिळाले तर पुढचा सीझन, नाहीतर तुमची लग्नं आहेतच. आता खुनी पहिल्याच आठवड्यात ओळखला गेला तर चार तारे कोण देणार, कपाळ?

बाकीची मतं तशी बरी होती. ‘भिंतीवरचं घड्याळ प्रत्येक दृश्यात चार वाजून दहा मिनिटं दाखवतं. केवढं सूचक!’ असं एकाने लिहिलं होतं. घड्याळात सेल नव्हता. एका बाईंनी प्रेताचं पोट वरखाली होताना पकडलं होतं आणि मेलेला माणूस मेलाच नाही असा शोध लावला होता. प्रेत म्हणजे दिग्दर्शकाचा मेहुणा. त्याला दम धरवत नसे, ना मेल्यावर ना जिवंतपणी.

‘माळी बदल की मग,’ बायको म्हणाली.

दुसऱ्या भागात माळी निर्दोष सुटला आणि खून डॉक्टरच्या गळ्यात पडला. म्हणजे पडणार होता. गुरुवारी रिकामटेकडा हजर. ‘डॉक्टर. ज्याला स्टेथोस्कोप धड घालता येत नाही त्याने शिक्षण कुठे घेतलं ते तपासा.’ स्टेथोस्कोप शेजारच्या मुलीच्या खेळण्यातला होता, तो सरळ घातला तरी उलटाच दिसायचा.

मग वकील. ‘वकीलच. तीन भाग झाले, कोट बदलत नाही. डाग लपवतोय.’ कोट सगळ्या युनिटमध्ये मिळून एकच होता.

‘घरचा भेदी आहे कुणीतरी,’ दिग्दर्शक म्हणाला आणि त्याने कॅमेरामनशी बोलणं तोडलं. कॅमेरामन बिचारा तीन दिवस आपलं काय चुकलं म्हणून सगळ्यांना विचारत हिंडला.

चित्रीकरणात या भानगडीशी देणंघेणं नसलेलं एकच माणूस होतं, ते म्हणजे सासूबाई. माणूस कमी पडला म्हणून त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून आत्या केलं होतं. आत्याला झटका आलेला, त्यात वाचा गेलेली. सासूबाईंचं लक्ष मुख्यतः फरशीवर. कोण चपला घालून आत आलं ते त्या खुर्चीतून बरोबर टिपायच्या. पण दर शनिवारी एक प्रश्न ठरलेला.

‘जावईबापू, मला एखादं वाक्य?’

‘आई, आत्याची वाचा गेली आहे.’

‘परत यायला साधारण किती दिवस लागतात?’

‘पुढच्या भागात बघू,’ तो म्हणायचा, आणि पुढच्या भागात विसरायचा. त्याचं डोकं जाग्यावर होतं कुठे? रिकामटेकड्याने त्याची झोप उडवली होती.

चौथ्या भागानंतर पुतण्या गेला. ‘पुतण्या. काकाच्या तेराव्याआधीच याला कॅमेऱ्याकडे बघून हसू येतं.’ खरं म्हणजे त्या मुलाला कॅमेरा दिसला की हसूच यायचं, त्याला इलाज नव्हता.

आता दिग्दर्शकाने कुणालाच काही सांगायचं नाही असं ठरवलं, अगदी बायकोलाही. खून खुद्द तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरच्या माथी मारायचा. असं कुणाच्या बापाला सुचणार नाही, असं म्हणून तो पाचव्या भागाच्या दिवशी पोटभर जेवला.

गुरुवारी मत आलं. ‘राहिला इन्स्पेक्टर. चार निर्दोष माणसं पकडणारा एकतर मूर्ख असतो, नाहीतर खुनी. हा मूर्ख वाटत नाही.’

दिग्दर्शकाने फोन पालथा ठेवला. त्याला खरोखर रडू येत होतं. उद्या शुक्रवार, परवा शेवटचं चित्रीकरण, आणि मालिकेत खून करायला माणूस शिल्लक नाही.

‘राहिलं कोण मग?’ बायकोने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

शुक्रवारी दिवसभर तो लिहीत होता. आत्याची वाचा केव्हाच परत आली होती, चालताही येत होतं, आणि पाच भाग ती नुसती बघत बसली होती. सगळ्यांसमोर ती खुर्चीतून उठते आणि आपण खून का केला ते सांगते. चार पानं, मध्ये कुणी बोलत नाही. लिहिता लिहिता त्याच्याच अंगावर काटा आला. संध्याकाळी तो पानं घेऊन सासूबाईंकडे गेला.

त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं पान सावकाश वाचलं. मग दुसरं.

‘पाठ होईल ना, आई?’

‘होईल.’

‘धास्ती एकच आहे. गुरुवारच्या आत त्या रिकामटेकड्याने तुमचं नाव टाकलं तर मी संपलो. जन्मभर लग्नंच काढत बसावं लागेल.’

‘काही काळजी करू नका, जावईबापू,’ सासूबाई पान उलटत म्हणाल्या. ‘पाच जणांवर आळ घेतला तो काय शेवटी माझंच नाव लिहायला?’