राखण

चारा कापायच्या मशीनमध्ये ह्यांचा उजवा हात गेला, तेव्हा मालकांनी स्वतः गाडी काढून ह्यांना दवाखान्यात नेलं. "तुम्ही घरचीच माणसं, वाऱ्यावर सोडणार नाही," म्हणाले. आणि शब्द पाळला की! गोठ्यामागची खोली आमच्याकडेच ठेवली, ह्यांना बसून करायचं काम दिलं आणि मशीनवर ह्यांच्या जागी मला उभं केलं.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "मालक, पात्यापुढची जाळी तेवढी परत बसवा ना."

"अहो वहिनी, जाळी लावली की ओला चारा अडकतो, गुरं खोळंबतात. आणि आता ती कुठे पडलीय, देव जाणे! हात जपून घालायचा. ह्याचं लक्ष नव्हतं, म्हणून घात झाला."

हे तिथेच उभे होते. पण चकार शब्द काढला नाही.

दुपारी डबा घेऊन मी तणतणतच ह्यांच्याकडे गेले. "तोंडाला कुलूप लागलं होतं का? मालकांनी हाकललं तर राहायचं कुठे, हीच भीती ना?"

ह्यांच्यासमोरच्या खोक्यात मालकांची कोंबडीची पिल्लं चिवचिवत होती. त्यांची राखण करायची, हेच ह्यांचं नवं काम. मी वाकून पाहिलं.



मांजराचा पंजा आत जाऊ नये म्हणून खोक्यावर मशीनची जाळी घातली होती, आणि ती सरकू नये म्हणून तिच्यावर ह्यांचा उरलेला हात होता.