अकरा मासे, पाचशे चाळीस किलोमीटर

९ डिसेंबर, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. टेम्पोत मासे अकरा, टाकीतले जुने पाणी एकशे वीस लिटर, चार फुटांची रिकामी टाकी एक. निवृत्त बॉयलर-निरीक्षकांनी वहीत तशी नोंद केली, घराची किल्ली घरमालकाच्या हाती ठेवली आणि ते चालकाच्या शेजारी बसले.

अंतर पाचशे चाळीस किलोमीटर. पिशवीतले पाणी वाटेत घाण होऊ नये म्हणून माशांना दोन दिवस उपाशी ठेवले होते. प्रत्येक मासा वेगळ्या जाड पिशवीत. तिसरा हिस्सा पाणी, वर प्राणवायू. पिशव्या थर्माकोलच्या खोक्यांत, अंधारात. फिल्टरचा स्पंज त्यांनी मुद्दाम धुतला नव्हता. तो जुन्याच पाण्यात बुडवून डब्यात घेतला होता. टाकीचे आरोग्य राखणारे जिवाणू त्या मळकट स्पंजात असतात. तो नळाखाली चोळून लख्ख केला, तर नव्या घरी मासे आठवडाभरही तग धरत नाहीत.

ताशी पन्नासच्या वर जायचे नाही, अशी त्यांची अट होती.

"साहेब, या वेगानं मासे पोहत आपल्या आधी पोचतील," चालक म्हणाला.

निरीक्षकांच्या पत्नी आठ महिन्यांपासून मुलीकडे होत्या. निरीक्षकांच्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा मुलगी आईला घेऊन गेली, कारण आईला एकटे ठेवणे अवघड झाले होते. गॅस चालू राहायचा, दार उघडे राहायचे. महिन्याभराची सोय लांबत गेली. आता तिकडे त्यांचे जेवण चार घासांवर आले होते. रोज संध्याकाळी मुलगी "आई, बाबांचा फोन," असे सांगून त्यांच्या हाती फोन देई आणि पलीकडून एकच प्रश्न येई : मासे कधी आणताय?

या प्रश्नाचा अर्थ निरीक्षकांनी चालकाला समजावून सांगितला. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात पत्नीने त्यांना 'लवकर या' असे एकदाही म्हटले नव्हते. कचेरीत फोन करून ती विचारायची, माशांचे खाद्य संपले आहे, आणताय ना? ते घरी आले की खाद्याचा डबा भरलेलाच असे. तेव्हा मासे कधी आणताय, याचा अर्थ उघड होता. म्हणूनच त्यांनी भाड्याचे घर सोडले होते.

"आमची विचारते, आज मुक्काम बाहेर आहे ना," चालक म्हणाला. "हो म्हटलं की स्वयंपाक कमी करते."

मुलीला मात्र हा बेत पटला नव्हता. मासे कुणाबरोबर तरी पाठवून द्या, तुम्ही दोन आठवड्यांनी या, आधी मला तुमच्याशी नीट बोलायचे आहे, असे ती म्हणत होती. वडिलांची दगदग तिला नको असणार, हे निरीक्षकांनी ओळखले. बोलणे काय, समोरासमोर होईलच, असे सांगून त्यांनी विषय मिटवला होता.

साडेअकराला दुसरा थांबा. खोकी उघडून त्यांनी तापमान पाहिले. पंचवीस अंश. तेवढ्यात मुलीने फोन लावून दिला.

"मास्तरीण कशी आहे?" पत्नीने विचारले. मास्तरीण म्हणजे मोठी काळी एंजल. ती इतर माशांना सदैव शिस्त लावत फिरे. "तिला गाडी लागेल हं."

"मजेत आहे."

"कुणी दगावलं नाही ना?"

"अकराच्या अकरा."

"मग सावकाश आणा."

यानंतर बराच वेळ निरीक्षक स्वतःशी हसत होते.

घाटात हवा गार झाली. तापमापीचा पारा तेवीसवर उतरला, तेव्हा त्यांनी अंगावरची शाल काढून खोक्यांभोवती गुंडाळली. घाट उतरल्यावर एक पिशवी गळताना आढळली. आतला म्हातारा मांगूर त्यांनी रस्त्याच्या कडेला बसून राखीव पिशवीत हलवला. थेंबही सांडला नाही.

सायंकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी टेम्पो मुलीच्या दारात उभा राहिला. पाण्याचे कॅन उतरवून चालक निघून गेला.

पत्नी खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. बऱ्याच वाळल्या होत्या.

"या. दमला असाल," त्या म्हणाल्या.

निरीक्षकांनी लगेच टाकी मांडायला घेतली. मुलगी दोनदा जवळ आली, "बाबा, जरा आत येता?" असे हलक्या आवाजात म्हणाली. काम अर्धवट टाकून उठता येत नाही, अशी त्यांनी खूण केली. जुने पाणी भरले, वर तिथले पाणी घातले, स्पंज बसवला, पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या. दर दहा मिनिटांनी प्रत्येक पिशवीत एकेक पेला टाकीतले पाणी. मासा नव्या पाण्यात एकदम सोडला, तर त्याला धक्का बसतो. पत्नी टक लावून पाहत होत्या. पन्नास मिनिटांनी पहिला मासा बाहेर पडला, तेव्हा त्या उठून काचेशी आल्या आणि एकेकाला नावाने हाक मारत बोटांवर मोजू लागल्या. आठ महिन्यांत आईला असे हसताना पाहिले नव्हते, असे मुलगी म्हणाली आणि तिने तोंड फिरवले.

मोजणी संपली. पत्नीने पदराने काचेवरचा थेंब पुसला.

"फार निगुतीनं आणले गं यांनी. या गृहस्थांना चहा दे," त्या मुलीला म्हणाल्या. "आणि तुझ्या बाबांना फोन लाव. म्हणावं, मासे आले, आता तुम्ही लवकर या."

वहीतली शेवटची नोंद सात वाजून पंचावन्न मिनिटांची आहे. पोहोचले : अकरा.