छपराचं कलम

छपरातून गळलेला थेंब नेमका फॉर्मवर पडला. पाहणी अधिकाऱ्याने तो बाहीने टिपला आणि पुन्हा खुणा मोजल्या. तीनच. चार उणिवांवर खुणा झाल्या, तरच घर गरीब ठरणार होतं आणि दुरुस्तीची मदत मिळणार होती. पण इस्त्रीवाल्या बाईंकडे नळ होता, वीज होती, लेक शाळेत जात होती.

जमिनीवर पाच भांडी मांडलेली होती. पाचांतही टपटप चालू होती. फॉर्ममध्ये फरशीचं कलम होतं, भिंतींचं होतं, छपराचं मात्र नव्हतं. ते गाळणारा शहाणा दुसरा कुणी नव्हता, तो स्वतःच. फॉर्म एका पानात बसावा म्हणून त्याने ते उडवलं होतं आणि वर शाबासकीही घेतली होती. गरिबीवर तासभर भाषण ठोकणारे आपण, आणि घर वरूनही गळतं हे डोक्यात आलं नाही! त्याला स्वतःची लाज वाटली. धोंडा आपल्याच पायावर पडला असता तर चाललं असतं. हा बाईंच्या डोक्यावर पडला होता.

शेवटचं कलम उरलं होतं. अडीनडीला हाक मारावी असं कुणी आहे का? नसेल तर खूण.

त्याने आवाज खाली आणला. "ताई, 'कुणी नाही' म्हणा. चौथी खूण मी करतो. छपराचं काम होऊन जाईल."

"आणि उघडकीला आलं तर?"

"गेली तर माझी नोकरी जाईल. तुम्हाला कुणी काही विचारणार नाही."

बाईंनी इस्त्री उभी ठेवली आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझ्यासाठी नोकरीवर पाणी सोडायला निघालेला माणूस समोर बसलाय, आणि मी 'कुणी नाही' म्हणू? 'आहे' म्हणून लिहा."

त्याने निमूट लिहिलं. चौथी खूण गेली. मदतही गेली. त्याला बाईंचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा.

"द्या तो कागद, पार भिजलाय," म्हणत बाईंनी फॉर्म टेबलावर पालथा घातला आणि त्यावरून हलकेच इस्त्री फिरवली. फिरवता फिरवता त्या थांबल्या.

"अहो साहेब, खोटं कशाला लिहिता? मागची बाजू अख्खी कोरी आहे की. छप्पर इथं लिहा."