चिलमीतला खडा

"वैनी, आटपा की! जीपची वाट बघत बसलो तर दिस जाईल. माझ्या गाडीवरच जाऊ." ताटीपाशी उभा राहून बब्रुवान परत एकदा म्हणाला.

धुरपताबाई आटपूनच बसली होती. पोळ्याला घराबाहेर पडलेला तिचा नवरा, सिदू, उमरग्याच्या एका ढाब्यावर दिसला, अशी बातमी बब्रुवान सकाळीच घेऊन आला होता. सिदू आणि बब्रुवान जोडीनं मेंढरं राखायचे. दोघं उमरग्याच्या बाजाराला गेले आणि बब्रुवान एकटाच माघारी आला. येताना बाचाबाची झाली, सिदू तणतणत जळकोटच्या फाट्यावर टेम्पोतून उतरला, असं त्यानं सांगितलं. सिदू तसा नाकावर राग घेऊन हिंडणाराच, त्यामुळं कुणाला नवल वाटलं नाही. फोन तेवढा बंद लागत होता. सिदूची मेंढरं आता बब्रुवानच्याच कळपात चरत होती आणि धुरपता त्याला उठता-बसता दुवा देत होती.

"बब्रुवाना!" बाजेवरून तिचा सासरा बलभीम ओरडला. म्हाताऱ्याची नजर गेली होती आणि कानही अधू, त्यामुळं तो साधं बोलला तरी शेजारच्या शेतात ऐकू जायचं. "जाताना एक झुरका दे की मर्दा! घरातली चिलीम पोरगं घेऊन गेलंय. पोळ्यापसनं तोंडाला धूर न्हाय."

बब्रुवानच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण म्हाताऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यानं खिशातनं चिलीम आणि तंबाखूची पुडी काढून धुरपताच्या हातात दिली. "जरा तुंबलीया. झाडून भरून द्या तात्यास्नी. म्या तवर गाडी फिरवून लावतो."

धुरपता बाजेच्या पायथ्याशी बसली. हे काम काही तिला नवं नव्हतं. बापलेकांची मिळून घरात एकच चिलीम, आणि ती साफ करणं लग्न झाल्यापासून तिच्याच गळ्यात पडलेलं. आधी नाक मुरडायची, आता हात आपोआप चालायचे. तिनं बुडाला गुंडाळलेलं छापीचं फडकं सोडलं आणि चिलीम तळहातावर उलटी आपटली. राख पडली, जळका गुल पडला, मग खडा पडला. तंबाखू खाली घसरू नये म्हणून आत बसवतात तो. तिनं तो पदराला पुसला.

तांबूस, तीन धारांचा. एका कोपऱ्याचा टवका उडालेला.

तो टवका तिच्याच हातनं उडाला होता, धुताना पाट्यावर पडून. त्यापायी सिदू कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलला नव्हता. चिलीम काय, फुटली तर बाजारात दुसरी मिळते. चांगला खडा मिळायला नशीब लागतं. हा बलभीमनं नदीत हेरला होता, दगडावर घासून घासून बसता केला होता आणि पोराला दिला होता. चिलीम सिदू कुणालाही ओढायला द्यायचा. पण खडा? मेला असता तरी दिला नसता!

मनात आलेल्या त्या शब्दासरशी तिनं खडा मुठीत दाबला. आगं बाई, कायतरीच काय तुझं, तिनं स्वतःलाच दटावलं. नदीत खडे काय थोडे असतात? आसंल एकासारखा दुसरा. नाहीतर दिलाही असेल सिदूनं, भांडणाच्या आधी. मग बब्रुवान एवढ्यांदा आला, चहा पिऊन गेला, एकदा तरी बोलला असता की! सिदूची चिलीम त्यानं फेकली असेल, पण एवढा चांगला खडा टाकवला नसेल. ओढणाऱ्या माणसाला टाकवतच नाही. आणि खडा कोण ओळखतंय, असं वाटलं असेल त्याला.

ताटीबाहेर फटफटी चालू झाली. "झालं का वैनी?"

"झालंच," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. त्या गाडीवर, त्याच्या मागं बसून जायचं होतं तिला. फाट्यापर्यंत नुसता माळ, ना घर ना माणूस.

बाभळीची काडी घेऊन ती चिलमीतलं कीट खरवडायला लागली. चिलीम साफ होईस्तोवर खडा सासऱ्याच्या हातात द्यायचा, हरवू नये म्हणून, ही घरची रीत. तिनं म्हाताऱ्याचा हात ओढून घेतला आणि खडा तळव्यावर ठेवला. देवा, तेवढं म्हणू दे त्यांना, कुणाचा गं ह्यो, टोचतोय नुसता. एवढंच म्हणू दे. मग ती हसत गाडीवर बसेल, बब्रुवानच्या पाया पडेल, मनात आणलं म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घेईल.

बलभीमनं खडा बोटांत फिरवला. एक धार, दुसरी, तिसरी. अंगठा टवक्यावर आला आणि तिथंच थांबला. म्हाताऱ्याचं तोंड एकदम उजळलं. पोळ्यापासून ते तसं दिसलं नव्हतं.

"आरं लेका!" तो सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडला. "सिदू आला व्हय गं? कवा आला? कुठाय त्यो?"

धुरपता त्याच्या तोंडावर हात ठेवायला उठली, पण त्याचं बोलून झालं होतं.

बाहेर फटफटी बंद झाली.

"कोण आलं म्हणलात, तात्या?" बब्रुवाननं विचारलं. उत्तराची वाट न बघता तो आत आला, आणि मागं हात करून त्यानं ताटी ओढून घेतली.