कानशीच्या तीन रेघा

"इटलीचंच आहे, दुसरं काय!" दलाल खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "परवाच्या लिलावात उचललं. चकमकीच्या दगडाने बार उडवणारं जुनं पिस्तूल आहे, नळीवरचा शिक्का बघा. माझ्या नजरेतून खोटी वस्तू सुटत नाही, सगळा बाजार सांगेल."

बाजाराने कशाला सांगायला हवं? याच माणसाने भर रस्त्यात, तिच्या बाबांच्या दुकानासमोर उभं राहून, बोंब ठोकली होती, "हा नकली पिस्तुलं घडवून खपवतो!" त्यानंतर बाबांनी कानशीला हात लावला नाही. "तुझी शपथ, पोरी, मी फक्त दुरुस्ती केली," एवढंच ते मरेपर्यंत म्हणत राहिले. त्या शपथेपायी ती जन्मभर लोकांशी भांडली, आणि हट्टाने जुनी हत्यारं पारखायला शिकली. आज सावज आपल्या पायांनी तिच्या टेबलापाशी आलं होतं. त्याने तिला ओळखलंही नव्हतं. शेजारी गिऱ्हाईक बसलं होतं, आणि तिच्या एका शब्दावर सौदा अडला होता.

वस्तू खरी निघाली तरी खोटीच म्हणायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. या मेल्यावर उट्टं काढायचंच.

तिने पिस्तुलाच्या घोड्यामागची लोखंडी पट्टी काढली, आतली स्प्रिंग भिंगाखाली धरली, आणि तिचा हात थबकला. स्प्रिंगवर कानशीच्या तीन रेघा होत्या. दोन आडव्या, एक तिरकी. लहानपणी दुकानाच्या मागच्या खोलीत ती दिवा धरून उभी राहायची, तेव्हा बाबा हसून सांगायचे, "मी स्वतः घडवलेल्या तुकड्यावर ही माझी खूण. दुसऱ्या कुणाला दिसायची नाही."

असेल, स्प्रिंग बदलून दिली असेल. स्प्रिंग काय, मोडतेच. तिने पट्टी उलटी केली. तीन रेघा. नळी लाकडातून सोडवून तिने खालची बाजू पाहिली. तिथेही तीन रेघा.

म्हणजे हा दलाल तेव्हा खरं बोलला होता. आणि बाबांनी तिची खोटी शपथ घेतली होती. तिला रडू फुटत होतं, ते तिने गिळलं.

"खोटं आहे," ती म्हणाली.

गिऱ्हाईक ताडकन उठलं. दलालाचा चेहरा पांढराफटक पडला, पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जळतो? "नुसतं म्हणून भागायचं नाही, बाई! इटलीचं नाही, तर कुठलं? पुरावा दाखवा!"

पुरावा तिच्या हातातच होता. तो दाखवला तर दलालाची अब्रू जाणार होती, आणि तिच्या बाबांचीही. "माझीच चूक झाली" म्हणून पट्टी परत बसवली असती, तर दोघेही सुटले असते.

तिने एकेक तुकडा गिऱ्हाइकासमोर मांडला आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"आमच्या मागच्या खोलीतलं," ती दलालाकडे बघत म्हणाली. "बाबांनी घडवलं. दिवा मी धरला होता."