मागून येणारा आवाज
टायपिस्ट बाईंना जन्मापासून दिसत नसे, पण त्यांचं काम कधी कुणावाचून अडलं नाही. संगणक त्यांना पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवायचा. मेल बाई टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत उघडायच्या, आणि धाकट्या भावाने लिहून दिलेल्या छोट्याशा स्क्रिप्टमुळे एक कळ दाबली की मेलला जोडलेलं रेकॉर्डिंगचं अटॅचमेंट आपोआप वाजू लागायचं.

त्या दुपारी घरात बाई एकट्याच होत्या. हेडफोन लावून, वकिलांनी तोंडी सांगून मेलने पाठवलेलं पत्र टाइप करत होत्या. तिसऱ्या ओळीला त्यांचे हात थबकले. वकिलांचे शब्द मागून कुणीतरी हलकेच पुन्हा म्हणत होतं.

"आपणांस कळवण्यात येते," वकील म्हणाले.

"कळवण्यात येते," तो आवाज म्हणाला.

असेल कुणीतरी वकिलांच्या ऑफिसातलं, अशी बाईंनी मनाची समजूत घातली. पत्र संपलं, वकील गप्प झाले, तरी कुणाचा तरी श्वास ऐकू येतच राहिला. त्यांनी बंद करायची कळ दाबली. पुन्हा दाबली. श्वास थांबेना. एका कानावरचा हेडफोन सरकवून त्यांनी भावाला फोन लावला.

"अरे, तुझी स्क्रिप्ट अडकलीय बघ. अटॅचमेंट बंदच होत नाहीये."

त्याने आपल्या ऑफिसातूनच बाईंचा संगणक तपासला. "ताई, काहीच वाजत नाहीये. फाइल केव्हाच बंद झालीय."

बाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"केव्हाच बंद झालीय," त्यांच्या खुर्चीमागून कुणीतरी हलकेच म्हणालं.