गेलेला वास

पिसे गळालेल्या कोंबड्या पाहून गेनबा खिलाऱ्यांनी हातातला जंतूंचा डबा खाली ठेवला. विष्ठेतून जमिनीत झिरपणारा अमोनिया खाऊन गावची विहीर निर्मळ राखणारे जंतू ते शेडमध्ये अंथरलेल्या तुसावर नित्यनेमाने शिंपडीत असत. ‘वास जाताच शिंपडणे थांबवावे, अन्यथा भुकेले जंतू पिसे, केस व नखे खातील,’ अशी सूचना त्या डब्यावर छापलेली होती.

“वास जाऊन महिना झाला की, मामंजी,” सून इंदू म्हणाली. “तुम्हाला कळलं नाही व्हय?”

वीस वर्षांच्या उग्र दर्पाने त्यांचे नाक केव्हाच निकामी झाले होते.

“मग बोलली का नाहीस, पोरी?”

“वास गेला म्हणून तर बाळाचा पाळणा इथं गारव्याला बांधला. तुमच्यादेखतच की.”

गेनबांनी पाळण्यातील चिमुकली मूठ हाती घेतली. परंतु ती उघडून नखे पाहण्याचे धैर्य त्यांना होईना.